पाचवं आणि सहावं

सातव्या पावलाला चित्र परत आलं,
तेव्हा नवरीचा अंगठा तांदळाच्या पुंजीवर होता.
पाचवं आणि सहावं पाऊल
नुसते चौकोन,
हिरवे, करडे, हळदीच्या रंगाचे,
वाकळेच्या ठिगळांसारखे.
आवाजही तुटत होता, भटजींचा मंत्र
तोंडात गरम भात घेतल्यासारखा.

नरसय्या चिलवेरींनी रिमोट माझ्या हातातून घेतला,
मागं नेलं, पुढं नेलं, बोटांवर मोजलं.
"सात पावलांचं ठरलं होतं," म्हणाले,
"इथं पाचच दिसतात."
तीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस.
एक धागा सुटला की माल सेकंडमध्ये,
माल सेकंडमध्ये गेला की पगारातून कपात,
हा हिशेब त्यांना पाठ होता.
माझ्या पाकिटातले सातशे काढून घेतले,
थुंकी लावून पुन्हा मोजले.
चहा मात्र भरून दिला.

चूक माझीच होती.
आदल्या आठवड्यात अक्कलकोट रोडला
एका शेठच्या नव्या मागांचं शूटिंग केलेलं.
चोवीस माग, पंखे बंद,
हवेत एवढं सूत की भुवया पांढऱ्या.
कॅसेट संपली, तसा कप्पा तिथंच उघडला,
धोट्यात कांडी बदलावी तसा, घाईत.

घरी येऊन सफाईची कोरडी कॅसेट घातली.
डबीवर लिहिलं होतं, दहा सेकंद.
मी दोन मिनिटं चालवली.

शेवटी इलियास नदाफ. नवी पेठ, जिन्याखालचं दुकान.
त्याचे आजोबा दारोदार गाद्या पिंजायचे.
भिंग डोळ्यात खुपसून म्हणाला,
"दोन कंपन्यांच्या टेपा आलटून पालटून घालतोस ना बे?
एकीचं वंगण दुसरीला चालत नाही."
कॅमेऱ्यावर दमटपणाचा एक दिवा असतो.
सोलापुरात तो कधी लागलेला
दोघांनीही पाहिला नव्हता. त्यावर हसलो.
मग त्यानं मऊ कातड्याची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवली,
ड्रमला टेकवली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं
ड्रम फिरवला. हळू.
"पट्टी हलवायची नाही. ड्रम फिरू दे.
उभं पुसलंस की हेड गेलं.
फक्त आडवं."

उभा, आडवा.
हे शब्द मी बोलायला शिकायच्या आधी ऐकलेत.
आमच्याकडे जेवताना दुसरं बोलणंच नसायचं,
उभा तुटला, आडवा संपला,
नानांचा घास तसाच हातात.

चिमट्याला काय आलं,
तर पापणीहून बारीक एक पिवळा धागा.
दिव्यापुढं धरून इलियास म्हणाला,
"पॉलिस्टर नाही. चांगलं सूत आहे."
दीडशे रुपये घेतले,
धागा कागदाच्या पुडीत घालून दिला,
दाताच्या डॉक्टरनं काढलेला दात द्यावा तसा.

ती पुडी घेऊन मी चिलवेरींकडे गेलो.
का गेलो, ते अजून सांगता येत नाही.
त्यांनी धागा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर चढवला.
"आमच्याच कारखान्याचा रंग आहे हा."
सातशे परत दिले नाहीत.
लावण्या माहेरी आली होती, चौकटीला टेकून उभी.
म्हणाली, "पाचवं पाऊल कशासाठी असतं हो?"
तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं,
मी पुडीकडे.

आता त्या कॅसेटी मिळत नाहीत.
महिन्यातून एकदा ड्रम पुसतो, सवयीनं.
खंडेनवमीला अम्मा सगळं पाटावर मांडते,
नानांचा धोटा, कात्री, मीटरची पट्टी, कॅमेरा.
एकेकाला कुंकू लावत येते.
कॅमेऱ्यापाशी बोट थांबतं.
"आत जातं ना रे हे?"
मग पट्ट्याला लावते,
आणि झेंडूचं फूल
जरा लांबच ठेवते.