मध्यम खोलीसाठी

"खोली केवढी?" शाजीनं विचारलं,
मंगाफच्या दुकानात, खोक्यांच्या रांगेपुढे.
बारा बाय चौदा, म्हटलं. मध्यम.

खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावून झाली,
दाराशी ओला टॉवेल;
तरी वादळाच्या सकाळी उशीवर
ईराच्या डोक्याएवढी जागा तेवढी पांढरी,
भोवती पिवळट धूळ, मैदा चाळावा तशी.

"मग हे पुरेल," तो म्हणाला,
"फिल्टर सहा महिने, आवाज कुजबुजीएवढा."
किंमतही बसत होती.
पाकीट काढलं आणि आठवलं,
आमची प्लायवूडची भिंत छताला टेकत नाही.

वर हातभर मोकळं.
तिथून अप्पलराजूच्या फोडणीचा वास येतो,
मॅचचा स्कोअर, दिवा घालवला तरी थोडा उजेड,
आणि रात्री दोनला त्याचा खोकला.
एकदा हेमांगी झोपेतच म्हणाली, पाणी पी रे,
मी जागा होतो, गप्प.
पलीकडे तांब्या वाजला.

खोली केवढी धरायची मग?

"त्याच्यापेक्षा मोठं दाखव."
"घर बदललं?" शाजी हसला.
नाही रे, मोजताना चुकलो.
हप्ते किती पडतील, ते सांग.