नमुना सतरा

दिवाळ्याच्या बाजारात आई बोय साफ करते.
मोरळीवर खवले उडतात,
एक चीर, अंगठा आत,
आणि आतड्यांचा गोळा बाहेर.
पूर्वी तो मांजरांचा असायचा.
आता माझा.

स्टीलचा डबा, बर्फ, झाकणावर आकडा.
मांजरं माझ्याकडे बघतात
वसुलीवाल्याकडे बघावं तशी.
"पोरीला शिकवली, न् ती घान गोला करते,"
शेजारच्या पाटीवरून धुमाआत्या.
आई हसत नाही. गिऱ्हाईक ऐकत असतं.

वाशीच्या प्रयोगशाळेत
आतडी पोटॅशच्या पाण्यात दोन दिवस ठेवायची.
माशाचं जे माशाचं, ते विरघळून जातं.
उरेल ते गाळणकागदावर टिपायचं:
एक पारदर्शक पापुद्रा, पिशवीचा असावा,
एक लाल कण, बादली? खुर्ची? कुणाचा टूथब्रश?
आणि सतरा नंबरात
केसाहून बारीक निळा धागा,
झोपलेल्या पोरासारखा पाय पोटाशी घेऊन.

फोटो आईला दाखवला.
तिनं पदराला हात पुसले, दोन बोटांनी मोठा केला,
काचेला एक खवला चिकटला.
वाटलं, विचारेल हे काय.
म्हणाली, "ये त आपले जाल्याचा सूत हाय गो."

संध्याकाळी जेट्टीवर बाबा
तेच जाळं मांडीवर घेऊन बसलेले.
गाठ मारायची, टोक दातानं तोडायचं,
थू, खाडीत.
भरती चढत होती.
गाठ. दात. थू.
आजोबांचं जाळं सुताचं, सारखं कुजायचं.
हे कुजत नाही, असं बाबा
नवा जावई दाखवावा तसं सांगतात.
मी मोजली: अकरा टोकं.
बारावं, मी हाक मारली तेव्हा,
बहुतेक गिळलं त्यांनी.

तक्त्यात रकाने असतात.
रंग: निळा. आकार: तंतू.
लांबी: दोन मिलिमीटरला जरा कमी.
मूळ:
इथं पेन थांबलं.
खिडकीबाहेर नाले होते, कारखाने होते,
लाखो घरांच्या धुण्याचं पाणी होतं,
सगळे माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार.
मी लिहिलं: अज्ञात.

रात्री कालवणाला बोय होती.
आईनं तीनदा धुतली.
एरवी दोनदा धुते.