दोन गाठी

फळ्यावर मधोमध लिहिलं: विरुद्ध.
डावीकडे माणूस.
उजवीकडे माणूस, निसर्ग, समाज,
आणि सगळ्यात खाली, खडू संपत आला म्हणून बारीक अक्षरात,
तो स्वतः.

तुआतापेरेतला जुलै. काचांवर आतून बर्फ,
वर्गातला हीटर सोमवारपासून नुसता खोकतोय.
"हात चोळा," मी म्हटलं, "जोरात.
झाले ना गरम? झालं तर मग, हाच संघर्ष.
दोन गोष्टी एकमेकींवर घासतात, काहीतरी तापतं.
ते तापलेलं लिहून आणा. एक पान, इंग्रजीच्या वहीत."

आणलं त्यांनी.
सव्वीस गोष्टींत एकोणीस मुडदे.
फर्गसच्या शार्कने तर नदीत, गोड्या पाण्यात,
पाच जण गिळले, वर एक मेंढी.
मानासेने बापाला मुलाकडून रग्बीत हरवलं
आणि शेवटच्या ओळीत, घंटा व्हायला आली असावी,
दोघांना मिठी मारायला लावली.
मी बरोबरच्या खुणा करत गेले.
पानोपानी विरुद्ध सापडत होतं,
ठसठशीत, शिकवलं होतं तसं.

रांगिमारिएची गोष्ट अर्ध्या पानाची.
(तिच्या भाषेत या नावाचा अर्थ शांतता.
हजेरी घेताना मी तो कधीच ऐकत नाही.)

बाबांचं कुरण, काकांचं कुरण, मध्ये फाटक.
आजोबा होते तोवर त्याला साधी कडी होती.
कडी मोडली. आता तार.
बाबा त्यांच्या बाजूने तार पिळतात,
काका त्यांच्या.
मुलगी सकाळी हातमोजे काढते,
एक गाठ सोडते, दुसरी सोडते, पलीकडे जाते,
मग फटीतून हात घालून दोन्ही पुन्हा बांधते,
ज्याची त्याला, जशीच्या तशी:
बाबांचे तीन वेढे, काकांचे चार.
मग बस येते.

एवढंच.
मी लाल शाईने लिहिलं:
भाषा चांगली. संघर्ष कुठे आहे?
दहापैकी चार.

गुरुवारी तिला मोठ्याने वाचायला लावलं,
खरं सांगायचं तर, काय चुकलं ते इतरांना दाखवायला.
वाचून झालं तरी कुणी हललं नाही.
मग फर्गस, शार्कवाला फर्गस, म्हणाला,
"पहिली गाठ कुणाची?"
"काकाची. चार वेढे आहेत ना."
"वेडा आहेस, चार नंतर येतात, तीन बघूनच."
"नवी कडी कितीला मिळते? माझा मामा विकतो."
"प्रश्न कडीचा नाहीये रे!"
बाकं सरकली, कुणीतरी कुणाची पट्टी आपटली.
हात न चोळता वर्ग तापला होता.
आणि मला डुनेडिनच्या बहिणीचा फोन आठवला,
जो दोघींपैकी कुणीच आधी...
असो. ते इथे नको.

मी पुस्तकातला प्रश्न विचारला,
मला दुसरा येत नव्हता:
"या मुलीला काय हवंय?"
रांगिमारिए म्हणाली, "बस पकडायचीय."
"आणखी?"
तिने हात बाकाखाली घेतले.
बोटांवर बारीक, गंजाच्या रंगाच्या रेघा,
त्या मी जूनपासून बघत होते
आणि पेनाची शाई समजत होते.
"आणखी म्हणजे," ती म्हणाली,
"गाठी सुटल्या होत्या
हे दोघांनाही कळू नये."

घंटा झाली. मुलं गेली.
विरुद्ध तेवढं फळ्यावर राहिलं,
दोन्ही बाजूंची नावं कुणाच्या तरी दप्तराने पुसलेली.

वही अजून माझ्याकडेच आहे.
चार खोडलाय.
त्या जागी काय लिहावं ते सुचत नाही.
तिने दोनदा मागितली,
दोन्ही वेळा मी म्हटलं, उद्या.