दिदुबेपर्यंत

गुरुवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, त्बिलिसीत.
गोचा म्हणतो, मिनीबस दिदुबेपर्यंत नेईन,
पुढं तुम्ही नि तुमचे पाय.
टीव्हीवर पाण्याचे फवारे, पळणारी माणसं.
मला सगळीच धुरकट दिसतात,
कोण पोलीस, कोण पोरं.

नूत्साला फोन केला.
"ये गं मावशी, बेकरी उघडी असते,
दवाखान्याचा रस्ताही. आठनंतर फक्त
डोळे चुरचुरतात."
मग जरा थांबून,
"येताना पोहायचे चष्मे आण. चार."

शेजारचा नुगझार म्हणतो, पुढच्या महिन्यात जा,
मोतीबिंदू काही पळून जात नाही.
खरंय. तो कुठंच जात नाही.

दुकानात दोनच होते, लहान मुलांचे, निळे.
दुकानदारीण हसली : डिसेंबरात पोहणार, लामारा?
म्हटलं, या वयात शिकतेय.

पिशवीत चीज, रिपोर्ट, चष्मे.
गोचाला अजून हो म्हटलेलं नाही.
एक डोळा झाकून खिडकीबाहेर बघते,
मग दुसरा.
रस्ता दोन्हींनी दिसतो,
कुठवर, ते नाही.

गोचा पहाटे पाचला हॉर्न वाजवतो.
मी चारपासून
बूट घालून बसलेय.