वाळा

हैतीच्या दक्षिणेला, पोर-साल्यूच्या वर,
डोंगराला नुसता उतारच आहे.
तिथं ओसनेल पहाटे चारपासून टिकाव घालतो.
गवत बाजूला पडतं, त्याला कुणी विचारत नाही.
हवी असते ती खालची जटा,
मातीनं माखलेली, ओलसर,
मुठीत धरली तर जिचा वास
दुपारपर्यंत बोटं सोडत नाही.

वर्षभर वाढू द्यावीत मुळं, म्हातारे सांगतात.
पण शाळेची फी सप्टेंबरात येते
आणि मुळं निघतात अठमाशी बाळासारखी,
बारीक, घाबरीघुबरी.

बायका ती झटकतात. क्लेर्मीझ सगळ्यांत जोरात.
धूळ तिच्या पापण्यांवर बसते
आणि तराजूवाला, तरीही, वजनातून
मातीचे पैसे कापतो.

खाली भट्टी रात्रंदिवस धुमसते.
वाफ मुळांतून वर चढते,
गार नळीतून उतरताना तिला आठवतं
की आपण पाणी होतो.
त्या पाण्यावर तेलाची सुस्त साय.
हे तेल उडून जाणाऱ्यांतलं नाही.
बाटली उलटी केली तरी
विचार करून पडतं.

पिंपं बंदराला जातात, तिथून
कुणाच्या मानेवर, कुणाच्या मनगटावर.
क्लेर्मीझला त्या मानांशी देणंघेणं नाही.
तिला हवी असते ती चिंधी
जिनं देरिलूस नळीचं तोंड पुसतो.
शनिवारी मिळते. बदल्यात
कसावाची एक भाकरी, दोन उकडलेली अंडी.

चिंधीचा एक तुकडा कपड्यांच्या पेटीत, किड्यांसाठी.
एक गरम पाण्यात, सासूच्या गुडघ्यांसाठी.
(सासू म्हणते, काही गुण नाही,
आणि दुसरा पाय पुढे करते.)
एक सिदोनीला. ती लोकांना नशिबाची आंघोळ घालते:
तुळशीची पानं, वाळा, घोटभर रम
आणि एक प्रार्थना,
जी पाद्रीबाबांना ठाऊक आहे पण ऐकू येत नाही.

उरलेली लुदीनसाठी.

लुदीन सात वर्षांची.
ज्या सकाळी जमीन हलली तेव्हापासून
घरात झोपत नाही.
आंब्याखाली चटईवर पडते, तळहात भुईला लावून,
तापानं फणफणलेल्या माणसाच्या छातीवर
हात ठेवून कुणी जागावं तशी.
'थांबलीय का?' रात्रीतून तीनदा.

सिदोनी म्हणाली,
पानं अंगाला, फुलं देवाला,
भीतीला मात्र मूळच लागतं.
हे पुरुषभर खोल जातं.
पाऊस आला की सगळा डोंगर
हेच तर मुठीत धरून बसतं.

क्लेर्मीझ गप्प राहिली.
त्याच दिवशी तिनं त्या डोंगराची
सव्वीस किलो मूठ झटकली होती.

रात्री तिनं चार लांब मुळं निवडली,
चिंधी पिळून त्यांना तेल चोळलं,
वेणी घातली,
लुदीनच्या घोट्याभोवती बांधली.
आमच्या भाषेत लेकराच्या पायातल्या कड्यालाही
वाळाच म्हणतात.
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

लुदीननं पाय ओढून नाकाशी नेला.
'मातीचाच वास आहे,' म्हणाली,
'पण न हलणाऱ्या.'
त्या रात्री एकदाच विचारलं.

सोमवारी ओसनेलच्या मागून चालताना
क्लेर्मीझनं बाजूला पडलेल्या गवताचे
चार ठोंब उचलले,
पाती छाटली,
घरामागच्या कडेला ओळीनं रोवले
आणि टाचेनं माती दाबली.

ही मुळं कुणी विकायची नाहीत,
असं म्हणाली खरी.
सप्टेंबर अजून लांब आहे.