तीन वाजून बारा

पुंता आरेनासला जूनमध्ये सकाळ दहाच्या सुमारास उजाडते.
तोवर आठ वाजलेत की पहाटेचे तीन
हे खिडकीला विचारून उपयोग नाही.
घड्याळ सांगेल तो काळ,
आणि घड्याळ सांगेल तो चोर.

इबार्रा साहेबांनी कागद सरकवला :
३:१२. वीज तुटली.
कुणी तोडली, कशी, काही नाही.
शीतगृह चालवणारा सर्व्हर तेव्हा आडवा झाला
आणि खेकड्यांच्या चाळीस पेट्या नासल्या.
एकपासून पाळी एल्युतेरिओ मान्सियाची.
मान्सियाने टोपी काढून हातात धरली,
म्हणाला, "मी कुत्र्याला पाव घालत होतो बाहेर.
पण यंत्र म्हणतं, तर असेल."

हे 'असेल' माझ्या घशात अडकलं.

मी, दानित्सा वुकोविच, या कंपनीची एकुलती एक तंत्रज्ञ,
लोकरीचे दोन मोजे घालून त्या खोलीत बसले.
सर्व्हरच्या पोटात एक बारकी चिप असते.
सगळं निजलं तरी ती जागी,
रात्रपाळीचा दुसरा मान्सिया म्हणा.
पंखा अडखळला, झाकण उघडलं, की लिहून ठेवते.
फक्त तिला स्वतःला वेळ ठाऊक नसते.
कुणीतरी सांगावी लागते.

नोंदी खालून वर वाचत गेले.
सगळ्यात खाली :
१ जानेवारी १९७०, बारा वाजून नऊ सेकंद.
दुसरा वीजपुरवठा निकामी.
ही ओळ मी मार्चमध्येही पाहिली होती.
हसले होते. सत्तर साली आजोबा इथे
मेंढ्यांची लोकर कातरत होते,
कुठला सर्व्हर, कुठला वीजपुरवठा!
तारीख वेडी म्हणून बातमीही वेडी ठरवली,
खिडकी मिटली, कॉफी प्यायले.

झाकण उघडलं. बटणाएवढी बॅटरी
मीटरवर धरली. शून्य पूर्णांक चार.
म्हणजे चिप दर वेळी उठताना
जन्मल्यासारखी उठत होती,
आणि पहिल्या श्वासातच दिसलेलं खरं दुखणं
तिने सत्तर सालात लिहून ठेवलं होतं.
काय झालं ते खरं. केव्हा, तेवढं खोटं.
आम्ही 'केव्हा' पाहून 'काय' फेकून दिलं.

मग तीन-बारा?
सर्व्हर नीट उठला की चिपला वेळ देतो,
पण देतो ग्रिनिचची,
आणि कागदावर तसं कुठेच छापत नाही.
आम्ही ग्रिनिचच्या तीन तास मागे.
बोटांवर मोजलं. परत मोजलं.
बारा वाजून बारा.

तेव्हा मान्सिया घरी मोजे चढवत असेल.
तेव्हा खोलीत कोण होतं?

खोलीत हीटर होता, लाल तारांचा,
आणि पाय गारठले म्हणून तो जवळ ओढणारी एक बाई.
वायर रॅकमागे अडकली होती.
मी हिसका दिला होता.
पंख्यांचा आवाज किंचित उतरला, तेव्हा वाटलं,
चला, आज यंत्रही दमलं.
दिवा घालवून घरी गेले.

नवी बॅटरी बसवली, वेळ लावली,
कागदावर तास दुरुस्त केले,
आणि कर्त्याची जागा रिकामी होती
तिथे पेनने स्वतःचं नाव लिहिलं.
अक्षर जरा वाकडं आलं.

साहेबांना सांगण्याआधी मान्सियाकडे गेले.
दार त्याच्या बायकोने, ओतिलियाने उघडलं, माते पुढे केला.
तो झोपेतून उठून आला, ऐकलं,
बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला.
"दहा मिनिटं पुढे आहे ते," म्हणाला.
"मीच ठेवलंय. उशीर होऊ नये म्हणून.
एकवीस वर्षं झाली."

बाहेर अजून अंधारच होता.