चौथा काळा

गुरुवारी दुपारी, गुदैबियातल्या चौथ्या मजल्यावर,
पलंगावर सगळं काळं मांडून बसले.
पँट. टी-शर्ट. एक बिनबाह्यांचं लांब जाकीट,
सेलमधलं, लेबल अजून मानेशी.
एकोणतीस वर्षं औषधांच्या दुकानात पांढरा कोट घातला,
त्याच्या आत काय असतं ते कुणी पाहिलं नाही,
मीही नाही.

आता कोट परत केला. धुऊन, इस्त्री करून, पोचपावती घेऊन.
आणि नज्ला म्हणते, उद्या समुद्राकाठी कॉफीला ये,
साधंच घाल काहीतरी, पण नीट.

साधं पण नीट.
जरीचं असतं तर जरीनं निभावून नेलं असतं.

वाटलं, काळ्यावर काळं, चुकायला जागाच नाही.
ट्यूबलाइटखाली तिघंही सख्खी भावंडं.
खिडकीशी नेली, तर
पँट निळसर, टी-शर्ट हिरवट पडलेला
इथल्या पाण्यानं, गच्चीवरच्या उन्हानं,
जाकीट तेवढं खरं काळं,
विहिरीत वाकून पाहावं तसं.

मिरजेहून नणंदेचा फोन. काळं कशाला गं, संक्रांत आहे का?
म्हटलं, वन्सं, इथं अर्धं गाव रोज काळ्यात असतं,
कुणावर संक्रांत येताना दिसत नाही.

चार वाजता तिन्ही कपडे पिशवीत घालून
गल्लीतल्या बद्रियाकडे गेले.
ती अबाया विकते, पँटशी तिचं देणंघेणं नाही,
पण काळं तिला कळतं
जसं मला डब्यांतल्या गोळ्या, न वाचता.
तिनं एकेक कपडा दारात नेला,
उन्हात धरला, अंगठ्यानं चोळला,
कानाशीही नेला बहुतेक.
मग अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत म्हणाली,
यांना जुळी करू नकोस.
शेजारी कर.

विटका सुती आत राहू दे, वर हे गुळगुळीत,
मग माणूस कापड बघतो, रंग मोजत नाही.
बाही नव्हती जाकिटाला, तर टी-शर्टचीच दोनदा दुमडली.
पँटचा काठ दोन बोटं वर,
घोटा दिसू दे, तो अजून बारीक आहे तुझा.
(हे मला गेल्या तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.)
काळ्या चपला नकोत, पायच हरवतात,
ती बदामी जोडी घाल, जुनी का असेना.
गळ्यातली चेन काढवली. पाटली एकच ठेवली.
आणि हो, ते लेबल कात्रीनं काप, ओढू नकोस.

मग ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली.
बोलली काहीच नाही. आपलाच पदरासारखा शेला
कपाळावर जरा पुढं ओढला,
आणि तेवढ्यात मला तिची एक बट दिसली, राखेसारखी.

आरशात पाहिलं.
तिघांची आता कशी छान ओळख झालेली,
आणि वर चौथा काळा,
दर तिसऱ्या रविवारी खोक्यातून निघणारा,
कुणाशीच न बोलणारा, चकचकीत,
पाहुण्यांत उगाच मोठ्यानं हसावं तसा.

शुक्रवारी डाय भिजवला नाही.
त्यानं काही फार फरक पडतो असं नाही,
भांगात बोटभर पांढरं होतंच, ते तसंच राहिलं, एवढंच.
लिपस्टिक लावली, पुसली, परत लावली.

लिफ्टच्या आरशात पोटाशी कणीक दिसली,
सकाळच्या पोळ्यांची. काळ्यावर सगळं दिसतं.
झटकली. थोडी राहिली.
खाली नौशाद वॉचमन खुर्चीतून अर्धा उठला,
मॅडम, आज ड्यूटी?
नाही, म्हटलं,
आणि काचेचं दार ढकलून
त्या भाजणाऱ्या उजेडात गेले,
जिथं तिन्ही काळे वेगवेगळे दिसतात.